सूनबाईंचं वैराग्य

मी केजच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि जुन्या बखरींमधल्या वेडाचा, उदासीचा अभ्यास करते. हे सांगितलं की लोक एकतर हसतात, नाहीतर जरा लांब सरकून बसतात. माझ्या मार्गदर्शक सरांची तऱ्हा तर त्याहून भारी. बखरीतला एखादा सरदार पोरगा मेल्यावर अन्नपाणी टाकून भिंतीकडं बघत बसला, तर सर माझ्या प्रबंधातला 'भ्रम' हा शब्द तांबड्या पेनानं खोडायचे आणि वर 'वैराग्य' लिहायचे. "आपल्या थोर माणसांना वेड लागत नाही हो, त्यांना विरक्ती येते." जन्मभर पुस्तकं वाचून माणसानं एवढंच कमावलं.

आमचे संस्थाचालक सरांच्याही पुढचे निघाले. धारूरच्या बाजूला बंगला, दारात गाड्या आणि तोंडावर निवडणूक. त्यांच्या धाकट्या सुनेचं लेकरू बाळंतपणात गेलेलं मला ठाऊक होतं. तेव्हापासून ती बोलत नव्हती, धड जेवत नव्हती, कुणी केस विंचरायला गेलं तर अंग चोरायची. तिची आई तलवाड्याहून चकरा मारून दमली. लेकीला अंबाजोगाईला मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं, एवढंच तिचं मागणं. पण मोठ्या घरची सून येड्याच्या डॉक्टरकडं गेली तर घराण्याचं नाक राहतं कुठं? म्हणून घरानं शोध लावला की सूनबाईंना वैराग्य आलंय.

चालकांनी मला ऑफिसात बोलावलं. "म्याडम, ती लई वरच्या पायरीला गेलीय. पांढरं पातळ नेसवून पाटावर बसवतो आमी. सोमवारी बाया नारळ घेऊन येत्यात. तुमच्या बखरीत असंल की असं कायतरी. येत्या सोमवारी चार शब्द बोला."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"डॉक्टर कावून? तिला झालंय काय?"

हा माणूस कॉलेज चालवतो. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणाले असते तर त्यांनी आमच्या सरांना बोलावलं असतं.

सोमवारी अंगणात मांडव, माईक आणि पुढं बायांची गर्दी. ती मधोमध पाटावर बसलेली, मांडीत नारळांचा ढीग. अगदी कोवळी पोर. नजर कुठंच नव्हती. एका बाईनं आपलं तान्हं लेकरू तिच्या पायावर घातलं, आशीर्वादाला. तिचे हात जरा उचलले गेले आणि पुन्हा खाली पडले. चालकांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं, "बघ बे, आशीर्वाद दिला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडं सत्काराशिवाय पान हलत नाही. आणि एकदा शाल घातली की पाहुण्याच्या हातातला माईक काढून घेता येत नाही, यजमानाचीच शोभा होते. चालकांनी स्वतःच्या हातानं मला शाल घातली, पीएचडीचं कौतुक केलं, फोटो काढून घेतले. मी काय बोलणार हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. या लोकांना पीएचडी म्हणजे रबरी शिक्का वाटतो, म्हणतील तिथं उमटणारा.

मी बखरीतल्या त्या सरदाराचं सांगितलं. पोरगा गेला, वाचा गेली. घरच्यांनी वैद्य आणला, औषध दिलं, उशाशी माणसं बसून राहिली आणि तो हळूहळू उठला. त्याला कुणी पाटावर मांडला नाही. "बाईला हेच झालं की बखरवाला तिला एका ओळीत आटपतो," मी म्हणाले. "आपण तर त्याच्यापेक्षा खाली गेलो. लेकरू गेलेल्या पोरीच्या पायावर दुसऱ्याची लेकरं घालतोय. हे वैराग्य न्हाई. ही पोर आजारी हाय, आणि आपल्याला लाज न्हाई."

चालकांनी फोटोसाठी आणलेलं हसू तसंच तोंडावर राहिलं. बायांमधून तिची आई उठली. लेकीच्या मांडीतला एकेक नारळ उचलून तिनं खाली ठेवला आणि म्हणाली, "ऊठ माय. अंबाजोगाईला जाऊ." मागून दोघीतिघी म्हणाल्या, न्या, न्या तिला. एवढ्या मतांसमोर नाही म्हणायची चालकांची छाती नव्हती. उलट त्यांनीच माईक घेऊन सुनेसाठी आपली गाडी देत असल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या मिळवल्या. असल्या माणसाला शिवी देणंसुद्धा तोंड वाया घालवणं आहे.

गाडीत बसताना त्या पोरीनं माझ्या शालीचं टोक धरलं. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं.

"म्याडम, त्या एका ओळीतल्या बाया बऱ्या झाल्या का वो?"

हे कुठल्याच बखरीत लिहिलेलं नाही. मी सगळ्या पालथ्या घातल्या आहेत.

"झाल्या," मी म्हणाले. "सगळ्या बऱ्या झाल्या."

तिनं टोक सोडलं आणि गाडी गेली. माझ्या एवढ्या वर्षांच्या अभ्यासातलं हे एकच वाक्य बिनआधाराचं आहे, आणि सरांना त्याला तांबडा पेन लावून दाखवू दे.