मावशींच्या मापाचा ओटा

मावशी त्या कचेरीत झाडलोटीच्या कामाला लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना मावशी म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. पुढे सगळेच म्हणायला लागले, म्हणून आपणही तेच म्हणू. उंची चार फूट नऊ इंच. आवाज मात्र चांगला सहा फुटी. नवरा शिंपी. लग्न ठरताना तो सासऱ्यांना म्हणाला होता, "मुलगी पसंत आहे. शिवाय कापडही कमी लागेल." हा विनोद तो अजूनही करतो, आणि मावशी अजूनही आधी डोळे वटारतात आणि मग हसतात.

कचेरी आर्किटेक्टची होती. एक लांबलचक खोली, उतरत्या फळ्यांची दहा टेबलं, त्यांवर ताणून बसवलेले कागद आणि खाली जमिनीवर पेन्सिलींच्या ढलप्या. रोज सुपडं भरून ढलप्या निघत. हे लोक घरं बांधतात की नुसत्या पेन्सिली तासतात, असा प्रश्न मावशींना पहिल्या आठवड्यातच पडला.

मालक थोरले साहेब. दूर कुठे कुठे शिकून आलेले. सदरा पांढरा, भिंती पांढऱ्या, चहाचा कपसुद्धा पांढरा. त्यांचं म्हणणं असं की जुन्या घरांतल्या कमानींनी, नक्षीने आणि कोंदट खोल्यांनी माणसाला पुरतं छळलंय. घर कसं हवं, तर सरळ रेषेचं, मोकळ्या उजेडाचं आणि सगळ्यांना सारखं. "राजाच्या खोलीत जेवढा उजेड तेवढाच हमालाच्या खोलीत आला पाहिजे," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून यायचा. मावशींना हे मनापासून पटायचं. नक्षी नको, हे तर त्यांना आणखीनच पटायचं, कारण नक्षीतली धूळ कोणाच्या वाट्याला येते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

डोक्यात जायचा तो फक्त लांब्या.

साहेबांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक माणूस काढलेला होता. सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा, पोट अजिबात नसलेला. त्याच्या गुडघ्याशी, कोपराशी, डोळ्यांशी आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे आकडा. खुर्ची त्याच्या गुडघ्यावरून ठरायची, खिडकी कोपरावरून, दार डोक्यावरून. साहेब त्याला 'आदर्श मनुष्य' म्हणत. मावशींनी त्याचं नाव लांब्या ठेवलं, आणि महिन्याभरात साहेब सोडून सगळी कचेरी त्याला लांब्याच म्हणू लागली. लांब्याच्या कपाळावरची जळमटं काढायला मावशींना स्टुलावर चढावं लागे.

मावशींना तिथे दोन वर्षं झाली, तेव्हा नगरपालिकेने साहेबांकडे तीनशे घरांची वसाहत सोपवली. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. अधिकाऱ्यांना दाखवायला त्यांनी मागच्या अंगणात प्लायवुडचं एक अख्खं घर खऱ्या मापात उभं केलं. अधिकारी यायच्या दिवशी सकाळी ते पुसून काढायचं काम मावशींकडे आलं.

पुसता पुसता मावशी स्वयंपाकघरात थबकल्या. ओट्याशी उभ्या राहिल्या. मग शांतपणे पाणी ओतून दिलं, बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढल्या. तेवढ्यात कचेरीतल्या मंडळींना घेऊन साहेब आत आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"भाजी चिरून बघतेय, साहेब."

"पण बादली कशाला?"

"ओटा लांब्याच्या मापाचा आहे ना. बादलीशिवाय माझी फक्त हनुवटी चिरली जाईल."

"कोण लांब्या?" साहेबांनी विचारलं, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं.

मावशींनी जीभ चावली. पण आता निघालेच आहेत शब्द तोंडातून, तर पुरते निघू देत, असा विचार करून त्या म्हणाल्या, "तो भिंतीवरचा. रागावू नका, साहेब, पण या तीनशे घरांत स्वयंपाक तोच करणार असेल तर माझं काही म्हणणं नाही."

साहेबांचा चेहरा पडला. अधिकारी आले, माना डोलावून गेले, तरी साहेब दिवसभर त्या ओट्यापाशीच घुटमळत राहिले. मावशींनी घरी येऊन नवऱ्याला सांगून टाकलं की नोकरी गेली.

नोकरी गेली नाही. तिकडे साहेबांनी घरी गेल्यावर बायकोला विचारलं होतं, "आपला ओटा तुला उंच होतो का गं?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "एकोणीस वर्षांनी विचारलंत!" दुसऱ्या दिवशी साहेब फूटपट्टी आणि लाल पेन्सिल घेऊनच आले. मावशींना लांब्याशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या कोपरापाशी, खांद्यापाशी, डोक्यापाशी लाल रेघा मारल्या.

आता साहेबांचा स्वभाव असा, की इकडून निघाले की थेट तिकडच्या टोकाला. मधला रस्ता त्यांना माहीतच नव्हता. सव्वातीन फुटांचा ओटा त्यांनी पावणेतीन फुटांवर आणला, आणि तोही तीनशेच्या तीनशे घरांत. मावशींची कॉलर एकदम ताठ झाली. कचेरीत कोणी पाहुणा आला की त्या फडकं घेऊन बरोबर त्या भिंतीपाशी पुसत उभ्या राहत. तो विचारी, "या लाल रेघा कोणाच्या?" मावशी म्हणत, "माझ्या."

वसाहतीत लोक राहायला आल्यावर वर्षभराने एक पत्र आलं. ते फोडलं ताईंनी. ताई म्हणजे कचेरीत नव्याने आलेली आर्किटेक्ट, साहेबांची आवडती विद्यार्थिनी आणि साहेबांशी रोज वाद घालणारी एकुलती एक व्यक्ती. त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. लिहिणारी टपाल वाटायचं काम करणारी बाई होती. लिहिलं होतं, "माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. दिवसभर सायकल मारून घरी यायचं आणि मग या ओट्यापुढे कमरेत वाकून उभं राहायचं. हा ओटा आपण बाहुलीसाठी केला आहे काय?"

सगळी कचेरी हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी फडकं पिळलं आणि आत निघून गेल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो यंत्रावर झगा शिवत होता. पाय न थांबवता म्हणाला, "एका मापात सगळ्यांना बसवायला गेलात, दुसरं काय होणार?"

"मग तू काय करतोस? पोरी तर रोज वाढतात."

त्याने झगा उलटा केला आणि शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड दाखवलं. "ही माया. आत दोन बोटं सोडून ठेवायची. उद्या पोरगी अंगाने भरली की शिवण उसवायची आणि झगा मोठा करायचा. माया न सोडता शिवणारा शिंपी नव्हेच."

मावशींनी ती शिवण बोटांनी चाचपून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ढलप्या झाडायच्या आधी त्या ताईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "ताई, त्या टपालवाल्या बाईंकडे मला घेऊन चला. माझ्या मापाने तिची कंबर मोडली. निदान तोंड तरी दाखवते."

दोघी बसने गेल्या. टपालवालीने दार उघडलं, आधी ताईंकडे पाहिलं, मग मान खाली करून मावशींकडे पाहिलं. "ही का ती बाहुली?"

"हो, मीच," मावशी म्हणाल्या. "शिव्या द्यायच्या तर आत घेऊन द्या. जिन्याने दम लागलाय."

टपालवालीला हसू फुटलं. तिने चहा केला, आणि तो करताना ती कशी वाकते हे मावशींनी गुपचूप पाहिलं. मग तिने दोघींना शेजारपाजारच्या घरांतून फिरवलं. एकीने ओट्यावर विटा रचून त्यावर फळी टाकली होती. एकीने ओटाच फोडून खिडकीखाली नेला होता. लांब्याच्या कोपराएवढ्या उंचीच्या खिडकीतून पोरांना नुसतं आभाळ दिसायचं, म्हणून एका घरात खिडकीशी कायमचा चौथरा बांधला होता. सपाट गच्चीवर पाण्याला मुक्कामाची चांगली सोय झाली होती, पण त्याच गच्चीवर सगळ्या इमारतीचे कपडे वाळत होते आणि म्हातारे गप्पा मारत होते. ताई वही काढून भराभर चितारत होत्या.

परतीच्या बसमध्ये मावशींनी त्यांना मायेची गोष्ट सांगितली. ताईंचा हात वहीवर थांबला. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

पुढे ताईंना पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते नर्सेसच्या वसतिगृहाचं. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत तीन वेगवेगळ्या उंचींवर खोबणी ठेवल्या. ओट्याची फळी कुठे बसवायची ते राहणारीने ठरवायचं. पांढरा रंग टाळला, काँक्रीट उघडंच ठेवलं, उन्हाच्या बाजूला जाड भिंती आणि खोल सज्जे काढले, मधे अंगण सोडलं.

साहेबांनी नकाशा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, भिंत कुठे, ओटा कुठे, हे आपण ठरवायचं नाही तर कोणी? इमारत अर्धवट सोडायची?"

"अर्धवट नाही, सर. माया सोडायची."

"हे कोणाकडून शिकलीस?"

"शिंप्याकडून."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणखी तासभर कुरकुर केली आणि सही केली.

ताईंचंही सगळं बरोबर होतं असं नाही. वसतिगृह तयार झाल्यावर त्या मावशींना मुद्दाम दाखवायला घेऊन गेल्या. उघड्या काँक्रीटवर लाकडी फळ्यांचे ठसे जसेच्या तसे उमटले होते. "खोटं काही नाही, मावशी. जे आहे ते दिसतंय."

"दिसतंय छान," मावशी म्हणाल्या आणि कोपर पुढे केलं. "पण जिन्यात भिंतीने माझी बाही फाडली, आणि आत कातडंही सोललं. खरं बोलावं, ताई, पण इतकं खरखरीत?"

आठ दिवसांत जिन्याची भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत घोटून गुळगुळीत झाली. कोणाच्या खांद्याच्या, हे ताईंनी न विचारता सगळ्यात उंच नर्सला उभं करून ठरवलं. टपालवाली आणि मावशी यांचंही एव्हाना चांगलंच मेतकूट जमलं होतं. रस्त्याने दोघी बरोबर निघाल्या की लोक वळून बघायचे.

वर्षं गेली. थोरले साहेब म्हातारे होऊन गेले. उतरती टेबलं गेली, कॉम्प्युटर आले आणि ढलप्या संपल्या. मावशींना वाटलं, आता आपलं काय काम? पण ताईंनी त्यांना सोडलं नाही. कोणतीही नवी इमारत लोकांच्या हाती देण्याआधी मावशी तिच्यातून एकदा चालून जायच्या, आणि मागून कोणीतरी त्यांचं बोलणं लिहून घ्यायचं. पगारपत्रकात मात्र शेवटपर्यंत 'सफाई' असंच राहिलं. मावशींनी ते बदलायला सांगितलं नाही. सफाईच तर करतेय, असं त्या म्हणत.

मग आली चष्मेवाली. पंचविशीची मुलगी, डोळ्यांवर बशीएवढा चष्मा. तिच्या पडद्यावर इमारतीत सडपातळ माणसं रुबाबात फिरत असत. मावशींनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "यांच्यात एकाच्याही हातात पिशवी कशी नाही गं? बाजारहाट कोण करतं यांचा?" चष्मेवालीने तिथल्या तिथे निम्म्या लोकांना पिशव्या दिल्या, आणि दोघींची गट्टी जमली.

त्याच सुमारास नगरपालिकेने ठरवलं की साहेबांची वसाहत पाडून तिथे नवी उभारायची. काम ताईंकडेच आलं. ताई आता साठीच्या. त्या खुशीत होत्या, कारण इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं एका जागी करायची संधी होती. पण चष्मेवाली म्हणाली, "पाडायचं कशाला? भिंती धडधाकट आहेत. जे उभं आहे त्याला हात द्यायचा. लिफ्ट, गच्ची नीट, घरांना बाहेरून एकेक खोली जोडायची. एकाही माणसाला घर सोडावं लागणार नाही."

"तीनशे घरं मोजलीस ना तू? किती जणांनी ओटा बदललाय?" ताईंनी विचारलं.

"दोनशे एकाहत्तर."

"मग झालं तर. आराखडाच फसलाय."

"फसलाय कसा, ताई? दोनशे एकाहत्तर वेळा बदलूनही उभा आहे!"

दोघींचे आवाज चढले. मावशी चहाचे कप ठेवत होत्या. ताई त्यांच्याकडे वळल्या. "मावशी, तुम्हीच सांगा. साहेबांच्या वेळचं माणूस आपण दोघीच उरलोय."

मावशींनी हातातला कप खाली ठेवला. ताईंविरुद्ध त्यांनी आजवर दुसऱ्या कोणाची बाजू घेतली नव्हती. "ताई, तुमची नवी इमारत छानच होईल, हे मीच सगळ्यांच्या आधी म्हणेन," त्या सावकाश म्हणाल्या. "पण टपालवालीने तो ओटा तीनदा बदललाय. आपण भेटून आलो त्या वर्षी, सासूची चाकाची खुर्ची आली तेव्हा, आणि आता गुडघे गेले तेव्हा. तिला नवं घर दिलंत तर ती पुन्हा पहिल्यापासून कधी करणार? तिला आता तेवढा वेळ आहे का?"

ताईंनी कप उचलला. चहा पिऊन झाला. मग त्यांनी चष्मेवालीच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "दाखव. लिफ्ट कुठे म्हणालीस?"

दोन वर्षं काम चाललं. लिफ्टमुळे टपालवाली कितीतरी दिवसांनी वर गच्चीवर आली. ताई आणि चष्मेवाली तिथे आधीच पोहोचल्या होत्या आणि सावलीचं कापड कोणत्या बाजूने ताणायचं यावर त्यांचं जोरात चाललं होतं. एक म्हणत होती पश्चिमेकडून, दुसरी आकडे दाखवून सांगत होती दक्षिणेकडून.

मावशी आणि टपालवाली थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग त्यांनी दोन खुर्च्या उचलल्या, लिफ्टच्या खोलीच्या आडोशाला जिथे त्या वेळी खरोखर सावली होती तिथे नेल्या आणि बसल्या. वारा बरा येत होता. टपालवालीने पाय लांब केले.

वाद थांबला. दोघी आर्किटेक्ट त्यांच्याकडे बघत राहिल्या. चष्मेवालीने घाईघाईने वही उघडली, तेव्हा ताईंनी तिचा हात धरला.

"लिहिशील गं. आधी बस."