बेहड्यातली बाळंतीण

वज्रेश्वरीच्या रस्त्याला ज्या गावात मी भाड्याने राहतो, तिथे घरमालक काकांच्या जमिनीच्या मागच्या अंगाला थोडं रान उरलं होतं. साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या आणि मधोमध एक जुना बेहडा. त्या बेहड्याच्या ढोलीत राखी धनेशाची जोडी आहे हे मला कळलं, त्याच आठवड्यात हेही कळलं की काका तिथे गोदाम बांधणार आहेत. पावसाआधी भराव टाकून घ्यायचा होता. म्हणजे झाड जाणारच होतं. आधी पक्षी मोकळे होतात की आधी झाड पडतं, एवढंच बघायचं राहिलं होतं.

मी दोडामार्गाकडचा. आमच्या घरामागून डोंगर चढायला लागलं की नुसतं रान, बारा महिने ओलं, भर दुपारी आत गेलं तरी तिन्हीसांज झाल्यासारखं. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी त्या रानात मोबाइल घेऊन फिरायचो. बेडूक, शेकरू, बांबूला गुंडाळून बसलेला चापडा साप. दिसेल त्याचं शूटिंग करायचं आणि मागाहून नाव शोधत बसायचं. शिकवायला कुणी नव्हतं. आई म्हणायची, "रानातल्या जनावरांचे फोटो काढून पोट भरतला काय रे तुझा?" ते भरत नव्हतं, म्हणून भिवंडीला आलो. मोठ्या गोदामात फळीवरचा माल काढून द्यायचं काम मिळालं. सुरुवातीला इथे मला झाड असं दिसलंच नाही, पत्रेच दिसले. मग एका सुट्टीला चालत चालत बेहड्यापर्यंत गेलो तर वरून घारीसारखी किंकाळी आली. मान वर केली, फांदीवर धनेश बसलेला, आणि रडायलाच आलं. आमच्याकडे ह्याच्या मोठ्या भावाला माडगरूड म्हणतात.

धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि माती-विष्ठेने आतून दार लिंपून घेते. बोटभर फट ठेवते. त्या फटीतून नर तिला उंबरं, किडे, सरडे भरवत राहतो. मी रोज ड्युटीच्या आधी किंवा नंतर तिथे जाऊन बसायचो. ट्रायपॉड काकांनी दिलेला. त्यांच्या पुतणीच्या हळदीत शूटिंगवाला तो विसरून गेला आणि परत न्यायला आलाच नाही.

काकांना झाडाचं विचारायचं कसं, ते मला कळत नव्हतं. मी मुळात भित्रा. शिफ्ट चुकेल, सुपरवायझर रागावेल, खोली सोडायला सांगतील, हे चालूच असतं डोक्यात. आणि काकांचे उपकार असे की तोंड उघडवेना. ओळख ना पाळख, तरी खोली दिली. कावीळ झाली तेव्हा काकींनी तीन वेळची पेज वर आणून दिली, माझ्या उलट्या काढल्या. त्या माणसांना जाऊन सांगायचं, पक्ष्यासाठी तुमचं बांधकाम थांबवा?

शेवटी मी नुसता व्हिडिओ दाखवला. काका ओट्यावर पेपर वाचत होते, काकी सुकट निवडत होत्या. नर फांदीवर येतो, मान झटकून घशातून एकेक उंबर वर काढतो, आणि फटीतून आतली चोच ते अलगद घेते.

"आत कोन हाय?" काकींनी विचारलं.

"मादी. अंड्यांवर बसलीय. दार लिंपून घेतलंय तिने."

"बाहेर येतच न्हाय?"

"नाही. तोच आणून भरवतो."

काकींनी सुकटीचा हात पदराला पुसून मोबाइल हातात घेतला. "बग रं देवा. बाळंतीण हाय ती." मग काकांकडे बघून, "बगा, पाखराला कळतं. तुम्ही मला कवा पान्याचा तांब्या तरी दिलाव काय?"

"तू दार लिंपून बसली अस्तीस तं दिला अस्ता," काका पेपरातूनच म्हणाले.

मी हसलो. मग धीर करून झाडाचं बोललो. काकांनी पेपराची घडी घातली. जेसीबीवाल्याला त्यांनी शब्द दिला होता, पुढच्या सोमवारी काम चालू होणार होतं.

"सोमवार-बिमवार काय न्हाय," काकी म्हणाल्या. "घरात बाळंतीण असताना घराला हात लावतं का कोनी? सव्वा महिना तिला कोन उठवनार? मना पाप लागंल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. ती बाहेर येवदे. मग झाड काडू. चालंल ना पोरा?"

मला तर पाया पडावंसं वाटलं. पडलोही. काका ओरडले, "अरे ऊठ, देव हाय काय मी!"

त्यानंतर गावात तो बेहडा बाळंतिणीचं झाड झाला. जेसीबी दुसऱ्या टोकाने काम करू लागली. काकी रोज विचारायच्या, "काय खाल्लं आज तिनं?" मी सांगायचो, कधी उंबर, कधी टोळ. एकदा पाल म्हटलं तर "शी, बाळंतिणीला पाल!" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. कामावरची उत्तर प्रदेशची पोरं जेवणाच्या सुट्टीत चिडवायची, "क्यों भाई पंछीवाले, भाभी बाहर निकली क्या?" ही बातमी त्यांच्यापर्यंत मीच पोचवली होती. इतक्या वर्षांत माझ्या शूटिंगविषयी पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. मी मोठ्या खुशीत होतो आणि घाबरलेलाही होतो. आभाळ भरून आलं की मी काकांच्या तोंडाकडे बघायचो, कारण भरावाची घाई काकांनाही होती. पण त्यांनी एकदाही विषय काढला नाही.

गोदामात आत जाताना मोबाइल गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी सुटल्यावर काढला तर काकांचे बरेच फोन येऊन गेलेले. घरूनच काही कळलं असेल, आईला काही झालं असेल, असंच मनात आलं. मग त्यांनी पाठवलेला आवाज लावला. "पोरा, तुजी बाळंतीण सुटली! काकी करवंदाला गेली व्हती, तिनं दोगांना फांदीवर बगितलं. शेपूट पार झडलंय म्हनते, पन खुशीत हाय. झाडवाले आज मोकले हायेत, तं काम करून घेतो. राग नको मानूस."

राग कसला! मी खूश झालो. झाडाचं वाईट वाटलं, पण शब्द पाळला होता माणसाने. मादी बाहेर आली म्हणजे घर आटोपलं, पिल्लं उडाली किंवा या वर्षी झालीच नाहीत, असंच मी धरलं. मला खरोखर तेवढंच माहीत होतं. वाटेत मनात आलं की आता ढोली जमिनीवर असेल, हाताशी. आतून कशी असते ते कधी कुणी दाखवलेलं नाही, ते घेता येईल. टेम्पोतून उतरून मी जवळजवळ पळतच गेलो.

बेहडा आडवा पडला होता. झाडवाले सावलीत चहा घेत होते. काकींनी बुंध्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता, त्याचं खोबरं पोरांना वाटून झालं होतं. मला बघून हाक मारली, "ये रं, तुजा वाटा ठेवलाय."

मी आधी ढोलीकडे गेलो. फट होती. मादीने बाहेर पडताना सगळं लिंपण फोडायला हवं होतं, मग ढोलीचं तोंड मोकळं असायला हवं. ते बंद होतं, आणि लिंपण ओलसर, नवं होतं. मग वरून किंकाळी आली. शेजारच्या सागावर नर बसला होता, चोचीत पिकलेलं उंबर. त्याच्या मागोमाग मादी आली. तिच्याही चोचीत होतं.

मी हातानेच ते दार फोडलं. आत दोन पिल्लं होती. पिसं अजून नळ्यांतून पुरती फुटली नव्हती. एक मान मोडून मेलं होतं. दुसरं जिवंत होतं, त्याने माझ्या बोटाला चोच लावली आणि तोंड उघडलं.

मादी आधी निघते. पिल्लं वाढली की त्यांची भूक एकट्या नराने भागत नसणार, म्हणून तीही कमवायला बाहेर पडते, आणि मागे पिल्लं आतून दार पुन्हा लिंपून घेतात. हे मला तिथे, गुडघ्यांवर बसून कळलं. माझ्या मोबाइलमध्ये त्या ढोलीचे इतके व्हिडिओ आहेत, आणि त्यातल्या एकातही हे नाही. काकांचा फोन मी उचलला असता तरी मी "काढा झाड" हेच म्हणालो असतो.

काकी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पोरं आत हायेत?" त्यांनी विचारलं. "मी सोता बगितली ना तिला बाहेर. पोरांना ठेवून कोन आई बाहेर पडते रं?"

माझी आई काजूच्या कारखान्यात जायची तेव्हा आम्हा भावंडांना आत ठेवून बाहेरून कडी लावायची. ते त्यांना सांगून काय उपयोग होता.

जिवंत पिल्लू त्यांनी पदरात घेतलं. मऊ भात, कुस्करलेलं उंबर, कापसाने पाणी. ढोलीसारखी टोपली कापडाने झाकून सागाला टांगली, पण माणसांचा गलका आणि जेसीबी बघून धनेश खाली उतरेनात. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर गेलो नाही. दुपारपर्यंत पिल्लाने तोंड उघडायचं सोडलं. तान्ह्या मुलाला पुरतात तसं काकींनी त्याला पुरलं, हळद घालून. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, माझ्याशी नजरही मिळवली नाही. मीही कुणाकडे बघू? जमीन त्यांची होती. थांबायची काही एक गरज नसताना ते थांबले होते, आणि थांबायचं कुठपर्यंत हे त्यांनी माझ्यावर विश्वासून ठरवलं होतं.

जोडी त्यापुढेही येत राहिली. चोचीत खाणं घेऊन सागावर बसायची, ढोली होती त्या उंचीवर हवेत दोनतीनदा झेप घ्यायची, परत फिरायची. काही दिवसांनी एकटा नर यायला लागला. मग पाऊस लागला.

भराव त्याआधीच पडला होता. एका संध्याकाळी काका माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहिले. "गोदाम झालं का तुला हितंच कामाला लावतो. चालत जाशील. जेवायला घरी येशील." चप्पल पायाने मागेपुढे करत होते.

"चालेल काका," मी म्हणालो. "तुमचे उपकार आहेत."

"तसा बोलू नको," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.