मास्तरांचे दोरे

आमच्या समोरच्या मास्तरांइतका मागचं उकरून काढणारा माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल. महूच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. पेपर आला की आधी गेल्या आठवड्याचा हातात घ्यायचे, मग आजचा. म्हणायचे, "आधी मागचं बघावं वहिनी, मग कळतं कोण कशाकडे बोट दाखवत होतं." गल्लीत कुणाचं लग्न मोडलं की यांना साखरपुड्यात सांडलेला रायता आठवायचा. माझा पाय मुरगळला तेव्हा म्हणाले, "मंगळवारीच तुमची चप्पल तुटली होती, नाही का?" मी म्हटलं, "मग मंगळवारीच सांगायचं ना, भिया!" तर हसले. "तेव्हा ती नुसती चप्पल होती."

बायबलचंही तेच. जुन्या करारात संदेष्ट्यांनी येणाऱ्या मशीहाबद्दल, म्हणजे तारणाऱ्या राजाबद्दल जिथे लिहिलंय, तिथून नव्या करारात येशूच्या गोष्टीत ते जिथे घडलं त्या पानापर्यंत यांचा दोरा. मी फॉल-पिको करते, म्हणून दोरे माझ्याकडचे. बेथलेहेमात जन्मणार त्याला निळा दोरा, एक गाठ. राजा गाढवावर बसून येणार त्याला तपकिरी, दोन गाठी. दुःख सोसणार त्याला लाल, तीन गाठी. पुस्तक इतकं फुगलं होतं की बंद राहावं म्हणून वर वीट ठेवायचे.

मी चौथी शिकलेली, पण वाद सोडत नाही. म्हटलं, "मास्तर, रिझल्ट लागल्यावर पेपर सोडवताय तुम्ही. लिहिणारा त्याच्या काळातल्या राजाबद्दल बोलत असेल."

"असेलही. यहूदी लोक तसंच म्हणतात, ते अजून वाट बघतायत. पुस्तक मुळात त्यांचं, मी कशाला भांडू? आम्ही ख्रिस्ती माणसं येशूला बघून मागे वळतो, आणि आम्हाला जागोजाग तोच दिसतो."

"दोरे बांधल्यावर दिसणारच!"

नाताळच्या आधी पुस्तकाचा पुठ्ठा सुटला. त्यांनी शिवायला माझ्याकडे दिलं. आता खोटं कशाला बोलू, दोरे सुईला आडवे येत नव्हते. मला वाद जिंकायचा होता. एकेक करून सगळे उपटले, मूठभर गुंता झाला, तो केरात टाकला. पुस्तक देताना वर म्हटलं, "घ्या. आता बघू पुस्तक आपणहून कुणाकडे बोट दाखवतं."

मास्तरांनी आमच्या दारात उभ्याउभ्याच पानांच्या कडेवरून बोटं फिरवली. वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग म्हणाले, "शिवण छान घातलीत, वहिनी," आणि भिंतीला हात लावत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. "ताई, काय केलंत हो हे? यांना दोन वर्षांपासून अक्षर दिसत नाही. काचबिंदू आहे. कुणाला कळू देत नव्हते. दोरा हाताला लागला, गाठी मोजल्या की पुढचं तोंडपाठ. दर नाताळला चर्चमध्ये तसेच तर वाचायला उभे राहायचे. यंदा नाही बोलणार म्हणतायत."

मी मशीनवर बसून राहिले. रीळ घेताना ते विचारायचे, "लाल हाच ना?" चित्रकलेचा मास्तर, आणि मला रंग विचारायचा. पेपर हातात असायचा, वाचून बायको दाखवायची. गाठी तर माझ्यासमोरच मारायचे. सगळं दोन वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि मला आज दिसत होतं. मागून.

माफी मागायची मला सवय नाही. रिळं घेऊन गेले आणि म्हटलं, "बोला, कुठून सुरू करायचं?"

ते आठवणीने अध्याय सांगायचे, मी अक्षराला अक्षर लावून वाचायची आणि दोरा बांधायची. माझ्या वाचण्याला चार वेळा हसले. निळे झाले, तपकिरी झाले. मग यशया संदेष्ट्याचं एक पान आलं. एका माणसाला कापायला नेतात कोकरासारखं, निमूट. तो तोंडसुद्धा उघडत नाही. वाचता वाचता मला आमचं दार दिसलं, आणि त्यात पानांवरून बोटं फिरवणारा माणूस.

"थांबलात का?" मास्तरांनी विचारलं. "कोण दिसलं, वहिनी?"

"गप्प बसा," मी म्हटलं. "तिसरी गाठ मारू द्या."