डॅनाचा गुडघा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईबाबांना माहीत नाही. जिच्याबद्दल आहे, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मध्येच थांबवून ‘अगं, तेव्हा तू लहान होतीस’ असं म्हणणार नाही. मी लहान नव्हते. एकवीस वर्षांची होते, टीमची कॅप्टन होते, आणि काय करते आहे ते मला पक्कं कळत होतं.

आधी एक स्पष्ट करते — मी चांगली खेळायचे. खोटा विनय मला जमत नाही. नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून कॅनडातल्या रेजिनाला आलो. शाळेत माझं इंग्रजी कुणाला कळेना आणि त्यांचं मला. पण जिममध्ये बोलावंच लागत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात उमगलं. बास्केटबॉल हातात आला की सगळे आपोआप माझं ऐकायचे. बाहेर उणे तीस, घरात आई, इंजिन गोठू नये म्हणून गाडी प्लग इन केली का, असं विचारत बाबांच्या मागे लागलेली, आणि मी बेसमेंटच्या भिंतीवर बॉल आपटत बसलेली. असे माझे कितीतरी हिवाळे गेले. शेवटी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये आले ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

आणि तिथे डॅना होती.

डॅना दोन तासांवरच्या एका खेड्यातून आलेली. वडिलांची गव्हाची शेती, गावात एक शाळा, एक चर्च आणि बर्फावरच्या हॉकीचं एक मैदान. आम्ही दोघी एकाच जागी खेळायचो — बॉल पुढे नेणारी, खेळ चालवणारी. एका टीमला अशी एकच लागते. पण आमच्या कोचनं दोघींना एकत्र उतरवायची युक्ती काढली आणि ती चाललीही. मी उत्तम होते. डॅना माझ्याहून उत्तम होती. हे मला पहिल्या प्रॅक्टिसलाच दिसलं. दुखलं का? हो. पण तरीही ती माझी मैत्रीण झाली — खरीखुरी, म्हणजे माझ्या आईच्या हातचं भरीत घाम पुसत खाणारी आणि आईला ‘आणखी’ हा एकच मराठी शब्द बोलून दाखवणारी.

दुसऱ्या वर्षी तिचा गुडघा गेला. उडी मारून खाली आली आणि पाय वाकडा पडला. ऑपरेशन झालं. नऊ महिने लॉरीनं — आमच्या टीमच्या फिजिओथेरपिस्टनं — तिच्यावर अशी मेहनत घेतली की सख्खी मावशी घेणार नाही. मीही होते. तिची बॅग मी उचलायचे. सोमवारी सकाळी आमचा तास तिसऱ्या मजल्यावर असायचा. उतरताना ती कठडा घट्ट धरायची आणि मी एक पायरी पुढे चालायचे, पडलीच तर माझ्यावर पडावी म्हणून.

तिसऱ्या वर्षी ती परत आली ती आधीपेक्षा तगडी होऊन. कठडा नाही, काही नाही. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायची.

आता थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्यासारख्या मुलींना डिग्रीनंतर खेळायला इथे जवळजवळ जागाच नव्हती. खेळून पोट भरायचं तर युरोप गाठायचा. तिथे छोट्या-छोट्या गावांचे क्लब असतात, पण एका क्लबला परदेशी खेळाडू घेता येतात दोन-तीन. जागा रिकामी कधी होईल, सांगता येत नाही. तुमची डिग्री पूर्ण व्हायची वाट कुणी बघत नाही. म्हणून काही जणी कॉलेज अर्धवट टाकून जातात. त्या वर्षी जर्मनीतल्या एका क्लबची खेळाडू सीझनच्या मध्यावर जखमी झाली आणि त्यांना जानेवारीत कुणीतरी हवं होतं. त्यांनी टोरांटोच्या एका एजंटला विचारलं, एजंटनं आमच्या मॅचचे व्हिडिओ पाठवले, आणि त्यांनी बोट ठेवलं ते डॅनावर.

तिनं सगळ्यांत आधी मला सांगितलं. पार्किंगमध्ये, तिच्या ट्रकमध्ये, काच वाफेनं धुरकटलेली. दीड वर्ष उरलेली डिग्री सोडून जाणार म्हणाली. मी तिला मिठी मारली. ती मिठी खोटी नव्हती — हे मला आजही कुणाला समजावता येणार नाही, म्हणून नुसतं सांगून पुढे जाते.

पाच दिवसांनी, बुधवारी दुपारी, मला एजंटचा फोन आला. मी लायब्ररीबाहेरच्या बाकावर सँडविच खात होते. तो गोड बोलणारा माणूस होता. म्हणाला, ‘तू कॅप्टन आहेस, रोज तिच्याबरोबर असतेस. क्लबला तिच्या गुडघ्याची काळजी वाटतेय. कागदावर सगळं ठीक आहे. पण तू मला खरं सांग, आपल्या दोघांतच राहील.’

मी काय सांगायला हवं होतं? गुडघा ठणठणीत होता. तीन शब्दांचं उत्तर.

मी गप्प राहिले. मुद्दाम. पलीकडच्या माणसाला ती शांतता ऐकू जावी इतका वेळ. मग हळू आवाजात, जणू नाइलाजानं बोलते आहे असं दाखवत म्हणाले, ‘सोमवारी ती जिना उतरताना कठडा धरते.’

धरते. ‘धरायची’ असं म्हणाले असते, तर ते खरं होतं. मी फक्त वर्ष सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. ‘थँक यू, हे सांगणं सोपं नसणार,’ असं म्हणाला. आणि मी त्याला म्हणाले — हेही लिहिते, लपवत नाही — मी म्हणाले, ‘तिला कळू देऊ नका. बिचारी फार लपवते.’

घसरून बोलले का? नाही. बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवलं होतं. फोन ठेवला आणि उरलेलं सँडविच खाल्लं. भूक होती.

आठ दिवसांनी त्याच क्लबनं मला विचारलं.

आता तुम्हाला वाटेल, एवढंच. नाही. ही अर्धीच गोष्ट झाली.

एजंटनं डॅनाला फक्त एवढंच कळवलं की क्लबनं नकार दिला, कारण टीमच्या जवळच्या कुणीतरी गुडघ्याबद्दल शंका व्यक्त केली आहे. ती लॉकर रूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. रडली नाही. बराच वेळ बुटाची लेस गुंडाळत-सोडत राहिली. मग म्हणाली, ‘लॉरीच असणार. माझा गुडघा दुसऱ्या कुणाला माहीत आहे?’ आणि माझ्याकडे बघितलं. तिला नुसतं उत्तर नको होतं, आधार हवा होता.

मी म्हणाले, ‘असेल.’

एक शब्द. एजंटशी बोलले ती लबाडी होती. पण हा शब्द त्याहून वाईट होता, कारण तो बोलले तेव्हा माझ्यापुढे मिळवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जागा मिळाली होती. फक्त स्वतःला वाचवायचं होतं, आणि त्यासाठी मी दुसऱ्या बाईला पुढे केलं. डॅनानं युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाकडे तक्रार केली — पेशंटची खाजगी माहिती बाहेर सांगितली म्हणून. लॉरीनं हात जोडल्यासारखं सांगितलं, मी कुणाशी बोललेले नाही. पुरावा कशाचाच नव्हता. पण मुली उपचारासाठी तिच्या टेबलावर झोपायला बिचकू लागल्या, आणि पुढच्या सीझनला टीमची फिजिओथेरपिस्ट दुसरी होती. हे सगळं मला जर्मनीत मेसेजवर कळलं. मी उदास चेहऱ्याचं एक चित्र पाठवलं.

कारण मी तोवर गेले होते. आणि मला जाऊ कुणी दिलं माहीत आहे? बाबा अजिबात तयार नव्हते. सरकारी नोकरीतले इंजिनिअर, इथे येऊन स्वतः पुन्हा परीक्षा दिलेले. ‘डिग्री दीड वर्षावर आली अन् तू बॉल खेळायला जाऊन राहिली? लोक इथे शिकायला येतात पोरी, तू इथून पळून राहिली!’ आई भांडी आपटत होती. तेव्हा डॅना घरी आली. आमच्या डायनिंग टेबलापाशी बसून बाबांना म्हणाली, ‘अंकल, युनिव्हर्सिटी कुठे जात नाही. ही जागा जाईल. आमच्यातल्या एकीला तरी जाऊ द्या.’

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं, ती जागा आधी कुणाची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवे बूट आणून दिले. विमानतळावर सोडायला डॅनाच आली, रस्त्यावर बर्फ उडत असताना, तिच्याच ट्रकमधून.

तिथे मी चार सीझन खेळले. चांगली खेळले. पहिल्या वर्षी क्लब खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला, त्यात माझा वाटा मोठा होता. बेकरीवाली बाई मला नावानं ओळखायची. कोर्टवर डॅना आठवायची का? तुम्हाला हो ऐकायचं असेल. नाही आठवायची. शिट्टी वाजली की मला काहीच आठवत नसे. आणि नंतर, टोरांटोजवळच्या केंब्रिजला स्थायिक झाल्यावर, उरलेली डिग्रीही मी पूर्ण केली. माझं काही बिघडलं नाही. हे वाक्य लिहायला जड जातं, पण ते खरं आहे.

डॅनाचं बिघडलं. एजंट आपापसात बोलतात. पुढच्या वर्षी तिला दोघांनी विचारलं आणि दोघांचा पहिला प्रश्न गुडघ्याचा. विचारून विचारून तिलाच शंका यायला लागली. बास्केटकडे घुसताना अर्धं पाऊल थांबायची, असं आमची कोच मला नंतर म्हणाली. डिग्री घेऊन ती आपल्या भागात शिक्षिका झाली. मुलींना खेळ शिकवते. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे चार दिवस राहून गेली. माझ्या सात वर्षांच्या मुलीला तिनं ड्राइव्हवेमध्ये डाव्या हातानं बॉल मारायला शिकवलं आणि म्हणाली, ‘युअर मॉम वॉज द ब्रेव्ह वन.’ मुलगी माझ्याकडे अभिमानानं बघायला लागली. मी आत जाऊन लिंबाचं सरबत केलं.

तेव्हाही सांगितलं नाही. मग आत्ता का?

ऑक्टोबरमध्ये बाबांचा खांदा आखडला म्हणून मी रेजिनाला गेले. त्यांना घेऊन एका क्लिनिकमध्ये बसले होते. पडदा बाजूला करून आत आली ती लॉरी. केस पांढरे झालेले, चष्मा गळ्यात लटकवलेला. तिनं मला एका क्षणात ओळखलं. ‘माय कॅप्टन!’ म्हणाली आणि खरोखर आनंदली. बाबांचा हात हातात घेऊन, इंचाइंचानं वर नेत, ती माझ्याशी बोलत राहिली. जर्मनीत मजा आली का, मुलं किती, अजून खेळतेस का. मग हात न थांबवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘डॅनाला अजून वाटतं का, की मी सांगितलं? मी कधीच कुणाजवळ बोलले नव्हते ग. त्यानंतर मी टीमबरोबर काम करणंच सोडलं. पुन्हा तेच झालं तर, अशी भीती वाटायची.’

लॉरीखेरीज तिथे फक्त एक म्हातारे गृहस्थ होते, माझे वडील, डोळे मिटून पडलेले. ‘लॉरी, ती मी होते.’ इतकं म्हणायला किती वेळ लागला असता?

मी म्हणाले, ‘बरीच वर्षं झाली आता.’

ती म्हणाली, ‘हो, तेही खरंच.’ आणि बाबांना पुढच्या आठवड्याची वेळ दिली. गाडीत बसल्यावर बाबा खांदा फिरवत म्हणाले, ‘भली बाई आहे बाप्पा. हात लावते तर दुखतच नाही.’

मी गाडी चालवत होते. मला तेव्हा समजलं की मी हे एकदा केलेलं नाही. फोनवर केलं, लॉकर रूममध्ये केलं, ड्राइव्हवेमध्ये केलं, आणि पाच मिनिटांपूर्वी पुन्हा केलं. तारुण्य, स्पर्धा, घाबरणं — यातलं एकही कारण त्या क्लिनिकमध्ये हजर नव्हतं. तिथे मी एकटीच होते, तेहतीस वर्षांची, मुलीची आई, मुलींच्या टीमची कोच.

केंब्रिजला परतल्यावर मी दोन पत्रं लिहिली. एक डॅनाला, एक लॉरीला, आणि लॉरीच्या पत्राची एक प्रत त्या खेळ विभागाला. ईमेल नाही, हातानं. पहिल्या खर्ड्यात मी माझी बाजू लिहिली होती. एकवीस वर्षं वय, दोघींतली स्पर्धा, परकेपणा. वाचून पाहिलं आणि फाडलं. दुसऱ्यात शेवटी ‘जमलं तर मला माफ कर’ असं होतं. तेही काढलं. आधीच खूप घेतलेलं आहे दोघींकडून. आता आणखी काही मागायला पत्र नको.

आज सकाळी मुलीला शाळेत सोडून आले आणि पत्रं पेटीत टाकली. डॅना यापुढे माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, असं मला वाटतं. आज संध्याकाळी नवऱ्याला सांगणार आहे, रविवारी बाबांना फोनवर. काय म्हणतील ते म्हणोत.

पत्रं लहान आहेत. तारीख, त्या फोनची हकिगत, मी वापरलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि डॅनाच्या पत्रात सर्वांत शेवटी दोन ओळी: लॉरी कधीच काही बोलली नव्हती. मी बोलले होते.