मला समजलं ते असं

राग्नहिल्ड हे नाव लिस्बनपासून दूर, डोंगरातल्या आमच्या लमैरा गावात कुणाच्याच तोंडात बसलं नाही. पोस्टमनने ते दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिलं आणि शेवटी 'राइन्या' म्हणून मोकळा झाला. राइन्या म्हणजे राणी. नॉर्वेची ही उंच, रुंद खांद्यांची, पन्नाशी ओलांडलेली बाई त्या दिवसापासून आमची राणीबाई झाली. तिनेही तक्रार केली नाही. म्हणाली, फुकट मिळतंय तर घ्यावं.

माझा कॅफे चर्चच्या समोर आहे. गावात येणारं माणूस आधी माझ्या काउंटरपाशी येतं, त्यामुळे ही हकिगत मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

राणीबाई बर्गनला फेरीबोटीवर स्वयंपाकीण होती. लग्न मोडलं, मुलगा कॅनडात स्थायिक झाला. एका वर्षी चेरी फुलावर असताना ती सुट्टीला इकडे आली आणि जाताना गावातल्या अन्सेल्मूचं कित्येक वर्षं बंद असलेलं घर बघून गेली. पुढच्या वर्षी सामानासकट हजर. गावातल्या बायका म्हणाल्या, एक हिवाळा काढेल आणि जाईल. गवंडीकामातून निवृत्त झालेला आणि दिवसभर माझ्याकडे पत्ते कुटणारा अदेरितु म्हणाला, "इतकी वर्षं नॉर्वेहून नुसता सुका कॉड मासा यायचा. आता त्याच्या मागोमाग मालकीणही आली."

बाई आमची भाषा शिकून आली होती, आणि तीच तिची पंचाईत झाली. बर्गनमधली तिची शिक्षिका ब्राझीलची. भाषा एकच, पण तिकडचे लोक तोंड उघडून, एकेक स्वर दाखवत बोलतात. आम्ही बोलतो तोंड मिटून. आमचा शब्द सुरू होतो, पण संपेलच असं नाही. मधले स्वर आम्ही गिळतो. डोंगरातला गार वारा तोंडात जाऊ नये म्हणून, असं माझे वडील सांगायचे. त्यामुळे व्हायचं काय, की राणीबाई कॅफेत येऊन टीव्हीवरच्या मालिकेतल्या नायिकेसारखं गोड बोलायची, ते सगळ्यांना कळायचं, आणि आम्ही दिलेल्या उत्तरातलं तिला अक्षर कळायचं नाही. ती नुसती उभी राहायची. मग कुणी ओरडून बोलायचं, कुणी हातवारे करायचं, कुणी पॅरिसमध्ये मजुरी करताना उचललेलं फ्रेंच तिच्यापुढे ठेवायचं. साधं बोलायचं मात्र कुणी नाही.

एकदा गप्पांच्या ओघात ती तिच्या आजीबद्दल सांगायला लागली. आमच्या भाषेत 'आव्हॉ' म्हणजे आजी आणि 'आव्हो' म्हणजे आजोबा. फरक तेवढाच, तोंड जरा जास्त उघडण्याचा. राणीबाईने अगदी गंभीरपणे सांगितलं की तिचे आजोबा सात वेळा बाळंत झाले, सगळी बाळंतपणं घरीच, आणि शेवटच्या खेपेला तर संध्याकाळी उठून गाईची धारही काढली.

पत्त्यांच्या टेबलावर माणसं आडवी झाली. अदेरितुने डोळे पुसत विचारलं, "आणि दूध कुणी पाजलं, राणीबाई? आजोबांनीच?"

तिला समजलं की आपलं काहीतरी चुकलंय, पण काय ते कुणी सांगेना. ती कॉफी अर्धी टाकून उठली. दारात फेलिज्मिना मावशी पावाची टोपली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने टोपली खाली ठेवली, राणीबाईचा दंड धरला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ इकडे. आव्हॉ. दातांच्या डॉक्टरसमोर उघडतेस तेवढं उघड. हे म्हातारे तुला सांगायचे नाहीत, त्यांना आयतीच करमणूक झालीय."

मग अदेरितुकडे वळून म्हणाली, "तुझ्या आजीला तरी माहीत होतं का तुझा आजोबा कोण ते?"

फेलिज्मिना मावशी म्हणजे गावची भट्टीवाली. शनिवारी पहाटे गावच्या सामाईक भट्टीत पाव भाजायची आणि दुपारपर्यंत विकून मोकळी व्हायची. नवरा कधीच गेलेला, मुलगी ग्रासा लिस्बनला. जीभ अशी, की पाद्रीसुद्धा वाट बदलून जायचा. दुसऱ्या शनिवारी तिने राणीबाईला भट्टीवर बोलावलं. शिकवायला म्हणून नव्हे. लाकडं उचलायला मजबूत माणूस हवं होतं.

मावशीने तिच्यासाठी बोलण्याचा वेग तसूभर कमी केला नाही. कणीक मळता मळता गावातल्या चार पिढ्यांची उणीदुणी काढत राहायची. राणीबाईची मात्र एक सवय होती. परक्या भाषेत अडकलं की माणूस हसतं, मान हलवतं आणि वेळ मारून नेतं. ती मान हलवायची नाही. समजलं नाही की हाताचा पंजा वर करायची, वाहतूक पोलिसासारखा, आणि म्हणायची, "थांबा. मला समजलं ते असं." मग समजलं होतं तेवढं आपल्या शब्दांत परत सांगायची. चुकलं तर मावशी शिवी हासडायची आणि पुन्हा सुरू करायची.

कॅफेतली माणसं ह्या पंजाला कंटाळायची. गोष्ट ऐन रंगात आली की हात वर. पण मावशी कधी कंटाळली नाही. एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "झुल्मिरा, साठ वर्षं मी ह्या गावात बोलतेय. मी काय बोलले ते परत सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलंय."

दोन उन्हाळे गेले. राणीबाईचे स्वर आपोआप मिटायला लागले. चेरीच्या हंगामात ती बायकांबरोबर शिडीवर चढायची, आणि फांद्यांआडून होणाऱ्या टोमण्यांतले निम्मे तिला कळायला लागले. परत टोमणा मारणं वेगळं. तिथे वेळ चुकली की सगळं फुकट जातं. तो दिवस मला चांगला आठवतो. अदेरितु कुठलीतरी जुनी लांबण लावून बसला होता. मध्येच थांबून म्हणाला, "राणीबाई, तुमच्याकडे हिवाळाभर रात्र असते म्हणे. एवढ्या वेळात तुम्ही करता तरी काय?"

कपातून वर न बघता ती म्हणाली, "तुमची गोष्ट संपायची वाट बघतो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही की हे ती बोलली. मग असा हशा उठला की समोरच्या चर्चच्या पायरीवरची कबुतरं उडाली. अदेरितुने स्वतःच्या पैशाने तिला जिंज्या पाजली, आमची आंबट चेरीची दारू. मी काउंटरमागे उभी होते. पोटच्या पोरीने शाळेत बक्षीस मिळवावं तसं मला वाटलं.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळातून परत आली ती उजवा हात लुळा घेऊन आणि बोलणं हरवून. आवाज होता, पण शब्द वाकडे निघायचे, कधी भलतेच निघायचे. डॉक्टरांनी ग्रासाला सांगितलं होतं की आईला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. ग्रासाने ते आम्हाला सांगितलं. आम्ही माना डोलावल्या आणि मावशीच्या घरी जाऊन ओरडून बोलायला लागलो, जणू ती बहिरीच झाली होती. कुणी लाडाने तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायचं. तिने तोंड उघडलं की चार जणी चार शब्द पुढे करायच्या: पाणी हवंय? उशी? थंडी वाजते? काही दिवसांनी मावशीने बोलायचं सोडूनच दिलं. भिंतीकडे बघत बसायची. जिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं, तिचं ते गप्प बसणं बघवायचं नाही.

एक दिवस मी सूप घेऊन गेले होते. ग्रासा टेबलापाशी रडवेली होऊन बसली होती आणि मावशी डाव्या हाताने टेबल बडवत होती. तोंडातून एकच निघत होतं, "लेकरू. लेकरू उपाशी."

ग्रासा मला हळूच म्हणाली, "सकाळपासून हेच चाललंय. माझा धाकटा भाऊ तान्हा असताना गेला ना, त्याला शोधतेय ती. डोक्यावर परिणाम झालाय, झुल्मिरामावशी. मला नोकरी सोडून इथे राहता येत नाही. वृद्धाश्रमात जागा आहे का विचारलंय मी."

तेवढ्यात राणीबाई आली. अंगातला कोट तसाच, तिने खुर्ची ओढली, मावशीच्या समोर बसली आणि पंजा वर केला. मावशीचा हात टेबलावरच थांबला.

"मावशी, मला समजलं ते असं. एक लेकरू आहे. ते उपाशी आहे. बरोबर?"

मावशीने मान हलवली.

"माणसाचं लेकरू?"

मान आडवी हलली. ग्रासाने रडणं थांबवलं.

"मांजराचं?"

मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की माझा जीव भांड्यात पडला. तो जुना, तुच्छ कटाक्ष होता. वेड लागलेल्या माणसाला तसं बघता येत नाही.

"बरं, मांजराचं नाही. ह्या घरात आहे?"

मान हलली, आणि डाव्या हाताचं बोट जमिनीकडे वळलं.

"खाली, तळघरात. खायला काय लागतं त्याला?"

मावशीचं तोंड हललं. ओठ मिटले, उघडले. "पी... पी..."

"पिल्लू?" ग्रासा घाईने म्हणाली. "आई, पाणी म्हणतेस का?"

राणीबाईने तिच्याकडे न बघता दुसरा पंजा तिच्यासमोर धरला. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मला सूप हातात धरून उभं राहणं जड झालं.

"पीठ," मावशी म्हणाली.

राणीबाई उठून उभी राहिली. "विरजण," ती म्हणाली. "मागच्या पिठाचा गोळा. त्याला कुणी पीठच घातलं नाही."

मावशीने डोळे मिटून घेतले आणि खुर्चीत मागे रेलली.

खरंच होतं ते. दर शनिवारी मळलेल्या कणकेतला गोळा ती पुढच्या शनिवारचा पाव फुगवायला मडक्यात राखून ठेवायची, आणि तो जिवंत राहावा म्हणून मधून मधून त्याला पीठ घालायची. तिच्या सासूच्या हातचं विरजण ते. ती इस्पितळात गेल्यापासून तळघरात कुणी गेलंच नव्हतं. राणीबाईने मडकं वर आणलं. वर वाळकं, करडं कवच धरलं होतं. मावशीने डाव्या हाताच्या बोटाने ते फोडलं, आतलं हुंगलं, आणि पिठाच्या डब्याकडे मान केली.

ग्रासाने राणीबाईला विचारलं, "मी तिची मुलगी, मला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"विरजण हा शब्द सापडला नाही, म्हणून जवळचा मिळाला तो घेतला," राणीबाई म्हणाली. "मीही तेच करायचे. झाडू आठवला नाही की जमिनीचा कंगवा म्हणायचे. आल्यापासून मी दुसरं केलंय काय?"

वृद्धाश्रमाचं पुन्हा कुणी बोललं नाही. ग्रासाने एक बाई कामाला ठेवली, शनिवार-रविवारी स्वतः यायला लागली, आणि राणीबाई रोज दुपारी जायची. मंगळवारी बोलणं शिकवणारी एक तरुण मुलगी शहरातून यायची, फार गुणी पोरगी. तिने चित्रं दाखवून शब्द म्हणायला लावले की मावशी कंटाळून खिडकीबाहेर बघायची. एकदा त्या मुलीने विचारलं, "ह्यांना कशात रस आहे?" राणीबाई म्हणाली, "भांडणात." मुलगी हसली, पण तिने ते मनावर घेतलं.

मग राणीबाई अदेरितुला घेऊन जायला लागली. तो मावशीसमोर बसून मुद्दाम चुकीचं बोलायचा. अमक्याचं लग्न तमक्या साली झालं, भट्टीचं छप्पर त्याच्या बापाने घातलं, असं काहीबाही. मावशी संतापायची, शब्द शोधायची, आणि राणीबाई सगळ्यांना थोपवून धरायची. चेरी लाल व्हायच्या सुमाराला मावशीचं पहिलं सलग वाक्य निघालं. ते असं होतं: "तुझा बाप... शिडीवरसुद्धा... कधी चढला नाही." अदेरितु माझ्या कॅफेत येऊन ते सगळ्यांना सांगत सुटला. बापाची एवढी बदनामी इतक्या आनंदाने करणारा मुलगा मी पाहिला नाही.

शरदात भट्टी पुन्हा पेटली. मळायचं काम राणीबाईचं, मावशी खुर्चीत बसून हुकूम सोडायची. मावशीचं बोलणं अजूनही लंगडतं. पूर्ण बरं होणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

मागच्याच शनिवारची गोष्ट. रांगेत लिस्बनचं एक जोडपं होतं, डोंगर बघायला आलेलं. त्यातल्या बाईने मावशीला किंमत विचारली. मावशी सांगायला लागली, आणि त्या बाईने गडबडून राणीबाईकडे पाहिलं. राणीबाईने किंमत सांगितली, ती आमच्याच पद्धतीने, निम्मे स्वर गिळून. त्या बाईला तीही कळली नाही. नवऱ्याने भाषांतर केल्यासारखं तिला समजावलं.

"तुम्ही ह्याच भागातल्या ना?" तिने राणीबाईला विचारलं. "आमच्याकडे असं कुणी बोलत नाही."

"मी ह्यांच्याकडून शिकले," राणीबाईने मावशीकडे हात केला. "काही चुकत असेल तर त्यांना सांगा."

मावशीने तोंड उघडलं. शब्द यायला वेळ लागत होता. रांगेत बारा-पंधरा माणसं असतील: अदेरितु, पाद्री, घाईत असलेला पोस्टमन, मी. कुणी शब्द पुढे केला नाही, कुणी घसा खाकरला नाही. लिस्बनची बाई काहीतरी बोलणार होती, तर पोस्टमननेच पंजा वर केला.

"चुकतं," मावशी म्हणाली. "खूप... चुकतं." आणि परत थोडं थांबून, "पण मला... कळतं."

राणीबाईने पाव कागदात गुंडाळून त्या बाईच्या हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.