एका कथेचा खुलासा

माझ्या कथेतला बाप मुलाच्या वह्या चुलीत घालतो. माझ्या वडिलांनी तसं केलं होतं. दिवाळी अंकात ती कथा छापून आल्यापासून वडील माझा फोन घेत नव्हते, म्हणून मी पनवेलहून, वर्तमानपत्रातल्या नोकरीतून एक दिवस रजा काढून, गावी नेऱ्याला गेलो. ते अंगणात पेंढा रचत होते.

"तुज्या पेपरात कुनावर आरोप झाला, तर त्याला विचारता ना?"

"विचारतो."

"मला नाय विचारलंस."

"बाबा, ती कथा आहे."

"गाव वलखतंय मला तीत."

मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. त्या वर्षी कापणीच्या वेळी आई अंथरुणाला खिळली होती. भात शेतात गळत होतं. चार दिवस हाका मारूनही मी लिहीत बसलो होतो. "वह्या जालल्या, ते चुकलं माजं. पन बाकीचं कुठं हाय?"

बाकीचं मला आठवत होतं. बाप कठोर दिसावा म्हणून आईचं आजारपण मी कथेतून काढलं होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

ते थोडा वेळ पेंढा रचत राहिले.

"मग खुलासा छाप," ते म्हणाले. "पेपरात देता तसा. बारीक अक्षरात चालंल."