आकाशाला लाली-पावडर

आमच्या बडोद्यात आकाशाचे फोटो काढणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. काढतात असं आपलं म्हणायचं. खरं तर ते फोटो रंगवतात. कुणीतरी एखाद्या तेजोमेघाचा फोटो टाकतो, जांभळा, गुलाबी, मध्येच पोपटी, म्हणजे नवरात्रातली चणियाचोळीच, की खाली लगेच ‘जोरदार!’ आणि ‘गज्जब!’ यांची रांग लागते. अंधार डांबरासारखा काळा. चांदण्या अशा टोकदार की बोटाला लागाव्यात. त्यातला एक जण तर मला समजुतीच्या सुरात म्हणाला होता, “तुमच्या फोटोत मजा नाही येत, काका.” मजा यायला तेजोमेघ म्हणजे काय सर्कस आहे?

या लोकांसाठी ‘आकाशाला लाली-पावडर लावणारे’ हे नाव माझ्या ताईने शोधलं. ताई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. दुर्बीण तिची, कॅमेरा तिचा. डभोईजवळ ओळखीच्यांच्या शेतात जाऊन थंडीत कुडकुडत फोटो जमवायचे तेही तिनेच. मी ओझी उचलायची आणि नंतर घरी संगणकावर ते जोडून, उजळून, त्यांचा एक फोटो तयार करायचा, अशी आमची वाटणी. मृगातल्या तेजोमेघाचे फोटो तिने सलग दोन हिवाळे घेतले. ते पुरे होतात न होतात तोच तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी व्हायला लागला. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं मात्र पुसट होत जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

“मग लवकर कर,” ताई मला म्हणाली. “दिसतंय तोवर मला तो मोठा छापलेला बघायचाय. आणि आहे तसा कर, कळलं ने? नखरे नकोत.”

आहे तसा करणं हेच अवघड. या तेजोमेघाचं पोट इतकं उजळ आणि कडेची धूळ इतकी पुसट, की एकाला सांभाळावं तर दुसरं हातचं जातं. ग्रुपवाल्यांनी यावर सोपा उपाय काढलाय: पोट पांढरंफटक होईपर्यंत जाळायचं आणि कड उडवायची. शहराचा आणि बाजव्याच्या रिफायनरीकडचा नारिंगी उजेड फोटोच्या एका बाजूला चढलेला असतो. तो काढून टाकताना हे विद्वान त्याच्याबरोबर आकाशातली खरी तपकिरी धूळही काढून टाकतात, आणि मग ‘बॅकग्राउंड किती स्वच्छ आलं’ म्हणून एकमेकांची पाठ थोपटतात. तांदूळ निवडायला बसावं आणि खड्यांबरोबर तांदूळही फेकून द्यावेत, त्यातली गत.

मी उजेड तेवढा काढला, धुळीला धक्का लावला नाही. पोट जळू नये म्हणून ताईने कॅमेरा थोडाच वेळ उघडून वेगळे फोटो घेऊन ठेवले होते, ते बेताने मिसळले. लाल रंग जेवढा मुळात होता तेवढाच ठेवला. चांदण्यांमधल्या निळसर कोणत्या, पिवळसर कोणत्या, तेही ओळखू येत होतं. फोटो उत्तम झाला होता, हे मी उगाच विनय न दाखवता सांगतो.

छापायला गेलो तो स्टुडिओ लग्नाच्या अल्बमांचा. नवरीला गोरी करून करून मालकाचा हात बसलेला. त्याने फोटोतला फिका रंग पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“साहेब, आमां कलर ज नथी. थोडो वधारी दऊं?”

“ना भाई, छे एम ज राखो,” मी आहे तसाच ठेवायला सांगितलं.

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मलाही त्याची कीव आलीच होती, त्यामुळे फिटंफाट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोत्रीला ताईच्या फ्लॅटवर गेलो आणि बाल्कनीच्या उजेडात फोटो तिच्यासमोर धरला. तिने चेहरा थोडा बाजूला वळवला. हल्ली तिला असंच बघावं लागतं. बराच वेळ बघत राहिली.

“छान झालाय रे,” ती म्हणाली.

ताई कशालाच छान म्हणत नाही. माझ्यासाठी मुलगी बघून आली तेव्हासुद्धा ‘चालेल’ एवढंच म्हणाली होती, आणि बायको ते अजून विसरलेली नाही.

“कडेची धूळ दिसते ने?” मी विचारलं.

“हो तर. मस्त आलीये.” आणि तिने बोट ठेवलं ते अगदी रिकाम्या कोपऱ्यावर.

ती माझं मन राखत होती. ताई, आणि मन राखते! मला भयंकर राग आला. तिच्या डोळ्यांचा आला, आणि त्याहून जास्त माझ्या त्या उत्तम, नाजूक, तिला न दिसणाऱ्या फोटोचा.

घरी येऊन मी संगणक उघडला आणि आजवर ज्यांना नावं ठेवली ते सगळे उद्योग ओळीने केले. कॉन्ट्रास्ट ताणला. लाल रंग ओढला. धुळीला गेरू फासला. अंधारावर डांबर ओतलं. छापायला नेला तेव्हा स्टुडिओवाल्याचा चेहरा खुलला. “हवे लाइन पर आव्या, साहेब!” तो म्हणाला. मी पैसे मोजले आणि फोटो घेऊन थेट गोत्री गाठली.

ताईने पुन्हा चेहरा बाजूला वळवला. तिची नजर फोटोवरून सावकाश फिरली, थांबली, मागे आली.

“शी!” ती ओरडली. “कुणी केलाय हा? दाबेलीच्या लारीवरचा बोर्ड आहे का हा? आणि ही धूळ बघ, ही...” तिचं बोट बरोबर त्या धुळीच्या कडेवर टेकलं आणि तिच्या वळणाबरोबर वळत वर गेलं. “ही कधी एवढी लाल असते? दोन हिवाळे मी थंडीत बसले, आणि तू त्याची ही वाट लावलीस?”

“आणखी काय चुकलंय?” मी विचारलं आणि खुर्ची जवळ ओढली.

ती एकेक चूक दाखवत गेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकही जागा न चुकवता. आयुष्यात इतक्या शिव्या मी इतक्या आनंदाने कधी खाल्ल्या नव्हत्या. माझे डोळे भरून आले होते. ते मात्र तिला दिसले नाहीत.